औषध आहे, पण दारापर्यंत नेणार कोण?

कोलकात्याच्या उत्तर टोकाला, गंगेला चिकटून बागबाजार वसले आहे. नकाशात नदीचे नाव हुगळी, पण इथल्या माणसाला विचाराल तर ती गंगाच. बंगाली माणसाच्या मनात या भागाला मोठा मान आहे. नवीनचंद्र दास यांनी रसगुल्ला केला तो इथेच. रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी अखेरच्या काळात राहत ते 'मायेर बाडी' हे घर इथेच आहे. शंभरी ओलांडलेला सार्वजनिक दुर्गोत्सवही इथलाच, आणि त्या पाच दिवसांत बागबाजारात पाय ठेवायला जागा नसते. भगिनी निवेदितांनी १८९८ मध्ये मुलींची शाळा उघडली ती बोसपाडा गल्लीही याच भागात येते.

या गल्लीची आणखी एक आठवण आहे. ती फारशी सांगितली जात नाही, पण या लेखाचा विषय तिच्यापासूनच सुरू करावा लागतो.

१८९८ च्या उन्हाळ्यात कलकत्त्यात प्लेगची बातमी फुटली आणि माणसे गाठोडी बांधून शहर सोडू लागली. रोगाची भीती होतीच, पण त्याहून मोठी धास्ती सरकारी प्लेगपथकांची होती. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. वर्षभरापूर्वी, १८९७ मध्ये, पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्या, देवघरापर्यंत गेलेले बूट, अंगणात उभ्या केलेल्या बायका आणि त्यातून २२ जूनच्या रात्री झालेला रँडचा वध हे सारे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्या झडत्यांनी प्लेग आटोक्यात आला नाही. लोक रोगी लपवू लागले, एवढेच झाले.

१८९९ मध्ये कलकत्त्यात प्लेग पुन्हा आला तेव्हा रामकृष्ण मिशनने बागबाजार आणि श्यामबाजारच्या वस्त्यांत वेगळी वाट धरली. स्वामी सदानंद कामावर देखरेख करीत होते आणि निवेदिता चिटणीस होत्या. गल्ली झाडायला माणूस मिळेना तेव्हा त्यांनी स्वतः झाडू हातात घेतला. ते पाहून शरमलेली पोरे मदतीला धावली. डॉ. राधागोविंद कर यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की बागबाजारच्या एका झोपडीत प्लेगने तापलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या निवेदिता त्यांना दिसल्या होत्या. हे कर म्हणजे ज्यांच्या नावाचे मोठे रुग्णालय आज बेलगाछियात आहे तेच. निवेदितांपाशी प्लेगवरचे औषध नव्हते, तसे ते तेव्हा कुणापाशीच नव्हते. तरी लोकांनी त्यांना दार उघडले, कारण त्या त्याच गल्लीत राहत होत्या.

शंभर वर्षांत वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे गेले. दार मात्र अजूनही ओळखीच्याच माणसाला उघडते. एड्सच्या साथीत हे सर्वांत स्पष्ट दिसले ते बागबाजारहून पायी जाता येईल अशा एका वस्तीत.

रस्ता एकच, पण अंतर मोठे

बागबाजारहून जुन्या चितपूर रस्त्याने, म्हणजे आजच्या रवींद्र सरणीने, दक्षिणेकडे निघाले की आधी मूर्तिकारांची कुमोरटुली लागते. इथे दुर्गेची मूर्ती घडते. परंपरा अशी, की या मूर्तीच्या मातीत चिमूटभर माती वेश्येच्या दारातली मिसळायची. त्याशिवाय मूर्ती पूर्ण होत नाही. तिथून पुढे शोभाबाजार, आणि मग सोनागाछी. सनाउल्ला गाझी नावाच्या पिरावरून हे नाव पडले, असे सांगतात. आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या वेश्यावस्त्यांपैकी एकीचे नाव आहे. दाराची माती पूजेला चालते आणि दारातली बाई मात्र मंडपात चालत नाही, हा विरोधाभास इथल्या बायका वर्षानुवर्षे मुकाट्याने पाहत आल्या. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी मिळवून त्यांनी स्वतःचा दुर्गोत्सव मांडला, ती गोष्ट पुढची.

या वस्तीजवळून चित्तरंजन अव्हेन्यू जातो. याच रस्त्यावर दोन नामांकित संस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन आणि दुसरी १९३२ मध्ये स्थापन झालेली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ. साथीच्या रोगांचे एवढे ज्ञान एका रस्त्यावर गोळा झालेले देशात क्वचितच आढळेल. सोनागाछीतल्या बाईला मात्र त्या दारात जाऊन कागद काढायचे धाडस होत नसे. पत्ता काय सांगणार? नवऱ्याचे नाव काय लिहिणार?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेने देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात तो विषाणू शोधला. त्यानंतर देशभर एकच हाकाटी सुरू झाली, की या बायकांमुळे रोग पसरतो, त्यांना पकडा, तपासा, डांबा. गोव्यात तर कायदाच तसा होता. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाला रक्तात विषाणू सापडला एवढ्याच कारणावरून पोलिसांनी नेले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. तो ना वेश्या होता ना गुन्हेगार. तो नेमाने रक्तदान करीत असे. सुटल्यावर त्याने आपल्यासारख्यांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. बाधितांनी बाधितांसाठी उभारलेल्या आपल्याकडच्या अगदी पहिल्या कामांत तिची गणना होते.

मुंबईतही फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुलींना उचलून सुधारगृहांत ठेवले गेले आणि त्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यांत अल्पवयीन मुली होत्या आणि त्यांची सुटका व्हायलाच हवी होती, यात वाद नाही. पण छाप्याने औषध पोचत नाही. छाप्यानंतर मागे उरलेल्या बायका डॉक्टरलाही पोलीस समजू लागतात.

हिरव्या कोटातल्या बाया

१९९२ मध्ये हायजिन इन्स्टिट्यूटचे डॉ. स्मरजित जाना सोनागाछीत पाहणीसाठी आले. ते व्यवसायजन्य आजारांचे जाणकार होते. खाणीतल्या किंवा गिरणीतल्या कामगाराला कामामुळे आजार होतो, तेव्हा त्याच्या चारित्र्याची चौकशी कुणी करीत नाही, कामाची परिस्थिती पाहतात. जानांनी इथेही तोच प्रश्न विचारला. ही बाई रोगापासून स्वतःला वाचवू का शकत नाही? पाहणीत दिसले, की शंभरात जेमतेम तीन बायका नियमाने निरोध वापरीत होत्या. एचआयव्हीची लागण तेव्हा शंभरात एकीच्या आसपास होती. म्हणजे वेळ होती, पण फार नव्हती.

वस्तीतल्याच एका तरुण मंडळाच्या जागेत दवाखाना सुरू झाला. तिथे गुप्तरोगांबरोबर ताप-खोकल्यावरही औषध मिळे, कारण 'फक्त त्या रोगाचा' दवाखाना म्हटला की बाई पायरी चढत नाही. मग वस्तीतल्याच १२ बायकांना प्रशिक्षण देऊन कामाला घेतले. त्यांना हिरवा कोट, ओळखपत्र आणि थोडे मानधन दिले. रोज ठरावीक घरांत जायचे, चित्रे दाखवून रोगाची माहिती द्यायची, निरोध द्यायचे, आजारी बाईला दवाखान्यात आणायचे. वरवर पाहता काम एवढेच होते.

पण त्या हिरव्या कोटाची किंमत पैशांत करता येणार नाही. जिला आजवर सगळ्यांनी शिवी देऊनच हाक मारली, तिला लोक 'दीदी' म्हणू लागले. डॉ. जाना आपल्या कामाचे सूत्र तीन शब्दांत सांगत : आदर, भरवसा आणि मान्यता. बाईला मान द्या, तिचा प्रश्न ती सोडवील यावर विश्वास ठेवा आणि तिच्या कामाची व हक्कांची दखल घ्या. ऐकायला सोपे वाटते, पण सरकारी योजनेत हे तीन शब्द सहसा बसत नाहीत.

पुढे एक अडचण समोर आली. बाईला सगळे पटले, तरी गिऱ्हाईक निरोध नाकारी आणि शेजारच्या खोलीत जाई. हातचे गिऱ्हाईक सोडायचे तर संध्याकाळी सावकाराला काय द्यायचे? चढ्या व्याजाचे कर्ज प्रत्येकीच्या डोक्यावर होते. तेव्हा लक्षात आले, की रोगाचे मूळ सावकाराच्या वहीत आहे. सगळ्या बायकांनी एकीने 'नाही' म्हटल्याशिवाय एकटीच्या 'नाही'ला अर्थ नव्हता आणि बचत असल्याशिवाय कुणाच्याच तोंडून 'नाही' निघत नव्हते.

१९९५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बायकांनी स्वतःची संघटना काढली, 'दुर्बार महिला समन्वय समिती'. बंगाली उच्चार दुर्बार, पण शब्द आपलाच आहे, दुर्वार म्हणजे ज्याला आवरता येत नाही असे. दुसरी गोष्ट म्हणजे 'उषा' ही बहूद्देशीय सहकारी संस्था. तिच्या नोंदणीची हकीकत मजेशीर आहे आणि अंतर्मुख करणारीही. राज्याच्या सहकार कायद्यात सभासद चांगल्या चारित्र्याचा असावा, अशी अट होती. अधिकाऱ्यांनी सुचवले, व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहा, म्हणजे काम होईल. बायकांनी साफ नकार दिला. आम्ही जे आहोत तेच लिहू, म्हणाल्या. शेवटी अट बाजूला झाली आणि संस्था नोंदली गेली. सहकाराच्या महाराष्ट्रात हे वाचताना कुणालाही कौतुक वाटेल. पतपेढीच्या पासबुकावर स्वतःचे खरे नाव पाहणे हा त्यातल्या कित्येकींच्या आयुष्यातला पहिलाच अनुभव होता.

१९९९ मध्ये रोगप्रतिबंधाचा सगळा प्रकल्पच सरकारी संस्थेकडून दुर्बारकडे आला. डॉक्टर नोकरीला आणि बायका व्यवस्थापनात, असा उलटा संसार सुरू झाला. नव्वदचे दशक संपता संपता निरोधाचा वापर शंभरात ऐंशींच्या पुढे गेला होता. ज्या काळात मुंबईच्या वस्त्यांत निम्म्याहून अधिक बायकांना लागण झाल्याचे आढळत होते, त्या काळात सोनागाछीतले प्रमाण दहाच्या आसपास किंवा त्याखाली राहिले. याचे सगळे श्रेय एकट्या संघटनेला द्यावे का, यावर तज्ज्ञांत चर्चा आहे. पण जगभरच्या आरोग्यसंस्थांनी हे काम पाहायला माणसे पाठवली, हेही खरे.

गोळी घेण्याचा काळ

इथवरची गोष्ट प्रतिबंधाची झाली. ज्यांना लागण झालीच त्यांचे काय? नव्वदच्या दशकात याचे उत्तर देताना डॉक्टरही खाली पाहत. विषाणूला रोखणारी औषधे परदेशात निघाली होती, पण वर्षाचा खर्च लाखांत होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा संच ३५० डॉलरला देण्याची तयारी जाहीर केली आणि जगाचे गणित बदलले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पुढे कोलकात्यात स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये एआरटी केंद्र उघडले. एआरटी म्हणजे विषाणूविरोधी औषधांचा कायमचा उपचार. त्याच चित्तरंजन अव्हेन्यूवर आता औषध फुकट होते. प्रश्न पुन्हा तोच उभा राहिला, की ते दारापर्यंत कसे जाणार?

क्षयाचा कोर्स सहा महिन्यांत संपतो. ही गोळी मात्र जन्मभर घ्यायची असते, आणि तीही न चुकता. मधेच सोडली तर विषाणू डोके वर काढतो आणि त्या औषधाला दाद देईनासा होतो. सुरुवातीच्या औषधांचे त्रासही फार होते. स्टॅव्हुडिन या औषधाने काही काळाने गाल बसत, हातपाय काटकुळे होत. ज्या वस्तीत चेहऱ्यावरच पोट आहे, तिथे बसलेले गाल म्हणजे रोगाची जाहिरातच. इफाव्हिरेंझने गरगरल्यासारखे होई, म्हणून डॉक्टर सांगत, रात्री झोपताना घ्या. पण सोनागाछीत रात्र कामाची आणि झोप सकाळची. गोळी 'रात्री' घ्यायची म्हटली तर कामावर असताना चक्कर येणार. 'रात्री' या शब्दाचा इथला अर्थ 'झोपायच्या आधी' असा आहे, हे सांगायला पदवीची गरज नाही, त्याच गल्लीत राहणारी बाई पुरते.

संघटनेचे काम म्हणतात ते बहुतांश अशा बारीकसारीक गोष्टींचे असते. पहिल्या दिवशी बाईला एकटीला पाठवायचे नाही, सोबत जायचे. रांगेत तिच्याबरोबर उभे राहायचे. डॉक्टर घाईत दोन वाक्ये बोलले तर ती बाहेर आल्यावर चार वाक्यांत समजावायची. मालकिणीच्या नजरेला डबी पडू नये म्हणून गोळ्या कुठे ठेवायच्या ते सुचवायचे. क्षयाची खोकल्याची खूण दिसली तर थुंकीची तपासणी करायला लावायची, कारण एचआयव्ही असलेल्यांचा बळी बहुधा क्षयच घेतो. गरोदर राहिली तर लवकर नाव नोंदवायचे, कारण वेळेवर औषध मिळाले तर बाळ बहुतेक वेळा सुखरूप राहते.

केंद्रावर एक यादी असते. ठरल्या तारखेला औषध न्यायला जे आले नाहीत त्यांची. कार्यालयीन भाषेत त्यांना 'एलएफयू' म्हणतात, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेले. सरकारी कर्मचारी फोन लावतो, तो नंबर बंद असतो. पत्ता पाहतो, तर तो दोन घरांपूर्वीचा. हिरव्या कोटातल्या बाईला मात्र ठाऊक असते, की ती मुर्शिदाबादला आईच्या आजारपणात गेली आहे, किंवा नव्या 'बाबू'ने खोली बदलायला लावली आहे, किंवा कर्जामुळे तोंड चुकवते आहे. कधी कारण असते फक्त लाज. पत्ता शोधण्यापेक्षा हे कारण शोधणे अवघड, आणि ते कारण शोधायला वस्तीतलेच माणूस लागते.

गुपिताची गोष्टही नाजूक असते. एड्सवाली बाई घरी आली, असे शेजाऱ्यांना वाटले तर रोगी दार लावून घेईल. म्हणून सगळ्याच घरी जाणारी, कधी निरोध, कधी मुलांच्या शाळेची चौकशी, कधी उषाचे पासबुक घेऊन येणारी बाई सोयीची ठरते. ती नेमकी कशासाठी आली हे कुणाला कळत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गुप्तता राखणे बंधनकारक केले. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. सोनागाछीच्या बायकांना ही गरज त्याच्या खूप आधी कळली होती.

सांगली, निपाणी, पुणे

हे सारे बंगालमध्येच घडले असे नाही. त्याच १९९२ साली मीना सरस्वती सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने सांगलीत काम सुरू केले. सांगलीच्या गोकुळनगरपासून सीमेपलीकडच्या निपाणीपर्यंतच्या वस्त्यांतल्या बायका त्यात आल्या, आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. नावात 'वेश्या' हा शब्द ठेवायचा हा त्यांचाच हट्ट. कोलकात्यात 'गृहिणी' लिहायला नकार देणाऱ्या बायकांचा आणि यांचा स्वभाव एकच म्हणायचा. २००५ च्या सुमारास अमेरिकी मदतीला वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट आली. 'संग्राम'ने त्या अटीवर सही केली नाही आणि पैसा सोडला. ज्यांच्या भरवशावर काम चालते त्यांनाच कागदावर दूषण द्यायचे, हे त्यांना मानवले नाही. पैशाची चणचण असलेल्या संस्थेला हा निर्णय सोपा नसतो.

पुण्याच्या बुधवार पेठेत 'सहेली संघ' आहे. भोसरीला १९९२ पासून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी आहे, पण संशोधनाचे फळ पेठेतल्या जिन्यावर चढते ते सहेलीसारख्या संघटनेच्या पावलांनी. मुलांचे दुःख आणखी वेगळे. आईबाप दोघेही गेलेल्या, स्वतः बाधित असलेल्या मुलांना नातेवाईक ठेवून घेत नव्हते, तेव्हा विजयाताई लवाटे यांनी पुण्याजवळ 'मानव्य' आणि मंगलताई शाह यांनी पंढरपुरात 'पालवी' सुरू केली. नियमित औषध मिळाल्यामुळे यांतली मुले मोठी झाली, शिकली, काहींची लग्नेही झाली. नव्वदच्या दशकात अशा मुलाचा दहावा वाढदिवस होईल असेही कुणी म्हणत नव्हते.

देशात आज सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यवार पाहिले तर सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. यांतले बहुसंख्य वेश्यावस्तीतले नाहीत. ट्रकचालकाची बायको, ऊसतोडणीला जाणारे जोडपे, शहरात नोकरी करणारा तरुण, असे ते आपल्या आजूबाजूचेच असतात. त्यांच्यापाठीही बाधितांच्याच संघटना उभ्या आहेत. पण सोनागाछीतल्या बाईपाशी निदान तिची गल्ली आहे. मध्यमवर्गीय वसाहतीतल्या विधवेला सोबत रांगेत उभे राहणारे कुणी नसते. तिच्या घरी हिरवा कोट पोचत नाही, कारण तिने आपला आजार सख्ख्या बहिणीलाही सांगितलेला नसतो.

टाळेबंदी आणि नंतर

मार्च २०२० मध्ये देश बंद झाला. लोकल बंद, बस बंद. औषधाला खंड पडू नये म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम द्यायला आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांमार्फत घरपोच करायला मुभा दिली. देशभरातल्या संघटनांच्या माणसांनी पिशव्या पाठीला लावून ही औषधे वाटली. पण सोनागाछीत गिऱ्हाईकच बंद झाले होते. उपाशीपोटी गोळी उलटते. त्यामुळे तिथे औषधाच्या आधी तांदूळ वाटावा लागला. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्र न मागता या स्त्रियांना कोरडा शिधा द्यावा, असा आदेश दिला. अशा आदेशासाठी यादी लागते, आणि यादी असते ती संघटनेपाशी.

दुसऱ्या लाटेत, ८ मे २०२१ रोजी, डॉ. स्मरजित जाना यांचे करोनाने निधन झाले. एका साथीत हजारो जीव वाचवणारा माणूस दुसऱ्या साथीत गेला. त्यांच्या माघारी काम थांबले नाही, कारण त्यांनी ते फार आधीच बायकांच्या हाती दिले होते. तरी कामाची अवस्था पूर्वीसारखी नाही, हे मान्य करावे लागेल. नियमाने एका कार्यकर्तीमागे साधारण ६० बायका असायला हव्यात. त्या एका इमारतीत असत तेव्हा हे जमत होते. आता गिऱ्हाईक मोबाइलवर ठरते, भेट लॉजवर होते, बाई राहते उपनगरात. वस्तीत शोधायला गेलेल्या कार्यकर्तीला रिकामी खोली दिसते. रोगाचे प्रमाण घटले म्हणून निधीही पूर्वीइतका सहज मिळत नाही. यश मिळाले की पैसे आटतात आणि पैसे आटले की यश टिकत नाही, असा हा पेच आहे.

संघटनेवर टीकाही होते. वेश्याव्यवसायाला 'काम' म्हणण्याला अनेक स्त्रीसंघटनांचा ठाम विरोध आहे. मुलींच्या व्यापाराविरुद्ध लढणारे म्हणतात, की वस्ती आहे तोवर मुली आणल्या जाणारच. दुर्बारने अल्पवयीन मुली येऊ नयेत म्हणून स्वनियमन मंडळे नेमली आहेत, पण ती पुरेशी आहेत का हा वाद चालूच आहे. वाचकाने यात कोणती बाजू घ्यावी हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न. मात्र हा वाद मिटेपर्यंत गोळी थांबवून ठेवता येत नाही.

नवे उपायही येत आहेत. लागण होण्याआधीच रोज एक गोळी घेऊन विषाणूला अटकाव करायचा, अशा उपचाराची चाचणी कोलकात्यात दुर्बारने आणि म्हैसूरला 'अशोदया समिती'ने घेतली. दोन्ही मिळून सुमारे १,३०० निरोगी स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. ठणठणीत बाईला रोज औषध घ्यायला लावणे किती अवघड, हे घरात रक्तदाबाची गोळी विसरणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. तरीही बहुतेकींनी नेटाने गोळी घेतली आणि त्या काळात एकीलाही लागण झाली नाही. चाचणीआधी घरोघर बसून शंकांना उत्तरे दिली होती ती पुन्हा त्याच वस्तीतल्या बायांनी.

कागदाची लढाई अजून चालू आहे. १९९९ मध्ये कोलकात्यात एका वेश्येचा खून झाला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे अपील फेटाळले, पण प्रकरण तिथेच न मिटवता या स्त्रियांच्या जगण्याचा प्रश्न हाती घेतला. त्यासाठी नेमलेल्या समितीत दुर्बार आणि उषाही होत्या. १९ मे २०२२ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले, की या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा घटनादत्त हक्क आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी त्यांना आधार कार्ड द्यावे आणि त्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या राजपत्रित अधिकाऱ्याचे किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रकल्प संचालकांचे प्रमाणपत्र पुरे समजावे, असेही ठरले. कार्ड असले की बँकेत खाते निघते, रेशन मिळते, गाव बदलले तर उपचाराचे केंद्र बदलून घेणेही सोपे जाते. त्या कार्डाच्या क्रमांकात तिचा व्यवसाय ओळखता येईल अशी कसलीही खूण नसावी, असेही न्यायालयाने त्याच आदेशात बजावले आहे.